पऱ्हाटी उपटून राखलेली चिरबोटी

माझं लग्न चिरबोटीनं जुळवलं असं मी सांगतो, तेव्हा लोक आधी हसतात आणि मग चिरबोटी म्हणजे काय ते विचारतात. आमच्या तिवशाकडच्या काळ्या वावरात पावसाळ्यात आपोआप उगवणारं ते तण आहे. गुडघाभर झुडूप आणि प्रत्येक फळावर कागदासारखं पातळ टोपडं. शाळेत असताना ही हिरवी टोपडी आम्ही एकमेकांच्या कपाळावर फट्‌कन फोडायचो. खायच्या बाबतीत मात्र आईचे नियम कडक होते. टोपडं नसेल तर ती चिरबोटी नाही, हात लावायचा नाही. आणि असली तरी झाडावरून तोडायची नाही. टोपडं वाळून फळ आपणहून खाली पडलं की वेचायची. मिरची-लसूण घालून आई तिची चटणी वाटायची, आणि त्या दिवशी भाकरी कमी पडायच्या.

माझ्यासाठी स्थळं पाहत होते त्या वर्षांत शेती करणाऱ्या पोराला मुलगी द्यायला कोणी तयार नव्हतं. मुलीचा बाप आधी विचारायचा, नोकरी कुठं? शाळेत शिपाई असतो तरी चाललं असतं. मी बी.ए. होऊन वावर करत होतो आणि तिशीला टेकलो होतो. पाव्हणे यायचे, चहा प्यायचे, ‘कळवतो’ म्हणायचे. मला त्यांचा संताप यायचा. खरं म्हणजे मी घाबरलो होतो, आपण असेच राहणार म्हणून.

मग मामांनी अकोल्याकडचं एक स्थळ आणलं, आणि आणताना सांगून बसले की पोरगं नवीन पीक घेतं. तेव्हा हे खपायचं. कोणी ना कोणी शहाणा गावात येऊन कोरफड लावा, मुसळी लावा, डिझेलचं झाड लावा असं सांगून जातच होता. मुलीचे वडील म्हणाले, मग वावरच पाहू.

वावरात दुबार पेरणीची विरळ पऱ्हाटी, म्हणजे कापसाची झाडं, होती आणि तिच्यात चिरबोटी माजली होती. मामांनी धुऱ्यावर, वावराच्या बांधावर, उभं राहून बराच वेळ विचार केला.

“भाऊजी, पीक तं हाये,” ते बाबांना म्हणाले. “फक्त त्यात पऱ्हाटी लय झाली.”

मला वाटलं बाबा त्यांना हाकलून देतील. बाबांनी दुसऱ्या दिवशी निंदणाला बाया बोलावल्या आणि सांगितलं, पऱ्हाटी उपटा, चिरबोटी ठेवा. त्यांतली सर्वात म्हातारी कमरेवर हात ठेवून म्हणाली, “बरं नाही वाटून राहिलं का तुमाले?” मग त्या कामाला लागल्या. त्यांचं हसणं सडकेपर्यंत ऐकू जात होतं. चिरबोटी काही ओळीत उगवत नाही, म्हणून मी मधून डवरा, म्हणजे बैलाचं कोळपं, चालवून तिच्या ओळी पाडल्या. तण शिस्तीत आणायला मी जेवढा घाम गाळला तेवढा कापसासाठी कधी गाळला नव्हता. उपटलेली पऱ्हाटी धुऱ्यावरच्या बाभळीमागं नेऊन टाकली. झाडं खुरटी होती, पण त्यांना बोंडं धरली होती. बाबा त्या ढिगाकडे पाठ करून उभे राहिले.

पाव्हणे आले. मुलीचे वडील टोपी मागं सारून ओळीओळीनं फिरले.

“पानी किती लागते याले?”

“लागतच नाही,” मामा म्हणाले.

“फवारनी?”

“गरज नाही.”

“रोग?”

“येतच नाही, पाव्हणे.”

मामा जन्मात इतकं खरं बोलले नव्हते. त्या भरात त्यांनी झाडावरचं टवटवीत हिरवं फळ तोडून पाव्हण्यांच्या हातावर ठेवलं. आई घरी पुरणात अडकली होती, नाहीतर तिनं तिथंच डोक्याला हात लावला असता. पाव्हण्यांनी ते फळ खिशात टाकलं, खाली वाकून वाळक्या टोपड्याचं एक वेचलं, सोललं, सदऱ्याला पुसलं आणि खाल्लं. माझे कान तापले. या माणसानं लहानपणापासून चिरबोटी खाल्लेली होती.

मग ते लघवीला म्हणून धुऱ्याकडे गेले आणि नेमके त्या बाभळीमागं. बराच वेळ आले नाहीत. आले तेव्हा त्यांनी कोणाकडेच पाहिलं नाही. घरी येऊन पुरणपोळी खाल्ली, ‘कळवतो’ म्हणाले आणि गेले. मी मामांशी कडाडून भांडलो. माझं लग्न तर गेलंच, वर बोंडं धरलेला कापूसही गेला होता.

आणि आठवड्यानं होकार आला. मामा कितीतरी वर्षं त्याचं श्रेय घेत फिरले.

खरं काय झालं ते बायकोनं मला लग्नानंतर सांगितलं. त्या संध्याकाळी तिच्या आईनं विचारलं होतं, कसं काय हाये वावर?

“सारं तन हाये,” तिचे वडील म्हणाले.

“मंग?”

त्यांनी खिशातलं हिरवं फळ काढून तिच्या आईच्या हातावर ठेवलं.

“आपल्या पोरीपायी त्या येड्याईनं उभी पऱ्हाटी उपटली,” ते म्हणाले. “बोंडं धरलेली. देऊन टाकू.”