पाटीलकाकूंनी शिळं पाणी भरून ठेवलं

मंडळी, सकाळी पूर बघायला गेलतो. अख्खं कोल्हापूर जातंय, मीबी गेलो. कणीस खाल्लं, फोटो काढले, मजेत घरी आलो.

शेजारच्या पाटीलकाकू दारात पाणी भरत होत्या. काकू जैन. कालचं पाणी त्यांच्या घरात चालत नाही, रोज ताजं गाळून घेतात. आज मात्र घागरी, कुकर, धुण्याच्या बादल्यासुद्धा काठोकाठ भरलेल्या. आत न शिजवता खायला चुरमुऱ्याचं पोतं.

मी हसलो. "काय काकू, शिळं पाणी चालतंय व्हय आता?"

त्या हसल्या नाहीत. "नदी चढली की पाणी उपसायचे पंपच बुडतात की रे. मग दारात पूर आन् नळ कोरडा. तू भरलंस का?"

न्हाय भरलं. घरात येऊन नळ सोडला. थोडं गढूळ पाणी आलं, मग नुसती हवा, मग तीही थांबली. घरात एक तांब्या आणि फ्रीजमधली अर्धी बाटली. आई, बायको, दोन लेकरं. नदीचा आवाज आता खिडकीतून ऐकू येतोय.

तुमचा नळ अजून चालू हाय का? मग हे वाचत काय बसलाय?