साडेतीन टक्के वाचवण्याची गोष्ट

तळेगावहून फोन आला, तेव्हा मी वैशालीताईंच्या वर्ध्याजवळच्या सिंदी मेघेतल्या वर्कशॉपमध्ये बसून चहा पीत होतो आणि माझ्यामुळे त्यांचे किती पैसे वाचले, ते त्यांना समजावून सांगत होतो.

"दोन महिन्यांत चारशे अठरा रुपये," मी लॅपटॉप त्यांच्याकडे फिरवत म्हणालो. "काहीही न करता."

तेवढ्यात फोन वाजला. ताईंचे हात फेव्हिकॉलने भरले होते, म्हणून त्यांनी कोपराने स्पीकर सुरू केला.

"बाई, खरं सांगा," पलीकडून एक बाई म्हणाल्या. "तुमची दुकान खरी हाय का खोटी?"

मी आधी बँकेत होतो. शेवटची बारा वर्षं कार्ड विभागात काढली. दुकानदारांना कार्डाची मशीन द्यायची, ती बिघडली की शिव्या खायच्या, असं ते काम. रिटायर झाल्यावर घरी कोणी माझं ऐकत नव्हतं, म्हणून मी छोट्या ऑनलाइन दुकानदारांना सल्ला देऊ लागलो. फुकट. फुकट सल्ला देणाऱ्याला वाटेल तितकं बोलता येतं, हा त्यातला फायदा.

वैशालीताई रुखवत विकतात. लग्नात मुलीकडचे टेबलावर मांडतात ते. काडीवर वळलेले सरगुंडे, कुरडया, रंगवलेल्या सुपाऱ्या, सुपलीएवढी बैलगाडी, नवरा-नवरीची नावं विणलेला रुमाल. पूर्वी हे घरच्या बाया करायच्या. आता घरच्या बाया नोकरीला जातात, म्हणून ताई आणि आंजी गावच्या सात जणी मिळून ते करतात आणि वेबसाइटवर विकतात. पुण्या-हैदराबादेतून ऑर्डरी येतात.

वेबसाइटवर पैसे घ्यायला पेमेंट गेटवे लागतो. तो म्हणजे दुकानातला गल्ल्यावर बसणारा माणूस. गिऱ्हाईकाकडून पैसे घेतो, आपलं कमिशन कापतो, उरलेले तुमच्या खात्यात टाकतो. यूपीआयवर जवळजवळ काही कापत नाही. साध्या क्रेडिट कार्डावर दोन टक्क्यांच्या आसपास. पण काही कार्डं मानाची असतात. परदेशी बँकांची, नाहीतर ज्यांच्यावर विमानतळावर फुकट जेवण आणि ढीगभर पॉइंट मिळतात ती. त्यांच्यावर ताईंच्या गेटवेचा दर होता साडेतीन टक्के. ते जेवण फुकट नसतं. त्याचे पैसे दुकानदार भरतो.

हे मी ताईंना सांगितलं, तेव्हा त्या चिडल्या होत्या.

"म्हंजे जेवते तो आन् पैशे देऊ मी? काऊन?"

"बंद करून टाकू," मी म्हणालो. गिऱ्हाईकाकडून जास्तीचे दीड टक्के वेगळे घ्यावे, असं आधी मनात होतं, पण गेटवेच्या करारात ते चालत नव्हतं. मग मी सेटिंगमध्ये गेलो आणि महागडी कार्डं आणि परदेशी कार्डं, दोन्ही बंद केली. एका क्लिकमध्ये. मला फार बरं वाटलं. बँकेत माझ्या हातात असं बटण कोणी कधी दिलं नव्हतं.

फोनवर होत्या सुनंदाबाई. त्यांच्या मुलीचं, पल्लवीचं, लग्न सहा दिवसांवर आलं होतं. पंचवीस हजारांचं रुखवत त्यांनी सांगितलं होतं. हजार रुपये आधी दिलेले, चोवीस बाकी. माल तयार होता. बाकीचे पैसे आले की निघणार होता.

"माह्या पोरानं कतारहून तीन डाव कार्ड टाकलं," त्या म्हणाल्या. "तीनही डाव तुमच्या साइटनं नाई म्हटलं. तो म्हणते, आई, हे फ्रॉड हाय. घरच्या ग्रुपवर टाकलं त्यानं, कोणी यायच्याकडून घेऊ नका म्हणून. आता रद्द करा आमची आर्डर."

वैशालीताईंनी माझ्याकडे पाहिलं. मी चहाच्या कपात पाहिलं.

पल्लवी आणि नितीन ही नावं रुमालावर, पाटावर, सुपलीवर, झाडून सगळीकडे विणलेली नाहीतर रंगवलेली होती. रद्द झालेलं हे रुखवत विकायला दुसरी पल्लवी शोधावी लागली असती, आणि तिला नवराही नितीनच लागला असता.

मी फोन हातात घेतला आणि बँकेतल्या आवाजात बोललो. "मॅडम, मुलाला यूपीआय करायला सांगा."

"त्याचा नंबर तिकडचा हाय. नाई होत."

"मग खात्यावर ट्रान्सफर."

"तो म्हणते, अनोळखी खात्यावर पैशे टाकू नये, बँकवाले सांगतात."

बरोबर होतं. मीच सांगायचो. तळेगावच्या शाळेतसुद्धा एकदा जाऊन तासभर सांगून आलो होतो.

"मग यजमानांना नगदी द्यायला सांगा, आम्ही माल पाठवतो."

"बाप तयार हाय जी," बाईंचा आवाज खाली आला. "पण पोरगा ऐकत नाई. त्याले लग्नाले सुट्टी नाई भेटली. बहिणीचं रुखवत माह्याकडून, म्हणते. तेवढंच मी करून राह्यलो, तेही तुमी करू देऊन नाई राह्यले."

माझ्या एक्सेलमध्ये अकरा कॉलम होते. यासाठी एकही नव्हता.

"उद्यापर्यंत कार्ड चालू करून देतो," असं मी सांगून टाकलं आणि गेटवेच्या कस्टमर केअरला फोन लावला. तिथल्या मुलीने हिंदीत, फार गोड आवाजात सांगितलं की महागडी कार्डं लगेच चालू होतील, पण परदेशी कार्डांसाठी नव्याने अर्ज लागेल. फॉर्म, पॅन, दुकानाचे फोटो. चार वर्किंग डेज.

"बंद तो एक क्लिक में हुआ था," मी म्हणालो.

"जी सर. बंद करना सेफ है ना. रिक्वेस्ट में रीजन क्या लिखूँ?"

"लिखो, सलाहकार की गलती."

तिने खरंच लिहिलं. पुढे आलेल्या ईमेलमध्ये ते होतं. वैशालीताईंनी त्याचा स्क्रीनशॉट जपून ठेवला आहे.

मधे रविवार येत होता. चार दिवसांचे पाच होणार, आणि लग्न सहाव्या दिवशी. मी ताईंना दुसरे उपाय सांगू लागलो. त्यांनी हात धुतले आणि पुसले.

"काका, आता तुमी काही सांगू नका," त्या म्हणाल्या. "माल गाडीत टाकू अन् तळेगावले जाऊ. दुकान खरी हाय का खोटी, ते डोळ्यानं पाहू द्या त्यायले."

"पैसे न घेता? चोवीस हजारांचा माल?"

"मंग काय कराचं? पल्लवीचा रुमाल मी वापरू?"

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचे यजमान व्हॅन चालवायला बसले आणि आम्ही निघालो. मी मागे, कुरडयांचे डबे मांडीवर घेऊन. आर्वी गाव मागे पडल्यावर ताई एवढंच म्हणाल्या, "डबा सरळ धरा."

सुनंदाबाईंच्या ओसरीवर आम्ही टेबल मागून घेतलं आणि सगळं मांडलं. शेजारच्या बाया जमल्या. पल्लवीने भावाला व्हिडिओ कॉल लावला. मंगेश त्याचं नाव. डोक्यावर पिवळं हेल्मेट, मागे अर्धवट बांधलेली इमारत. आधी तो फार तोऱ्यात होता. मग पल्लवीने फोन टेबलावरून सावकाश फिरवला आणि तो स्क्रीनच्या जवळ आला.

"तो रुमाल दाखव," तो म्हणाला. "जवळून. नाव दिसू दे."

तिने दाखवला. त्याने दोन्ही नावं वाचली. मग त्याने मला विचारलं, "काकाजी, खरी हाय दुकान, दिसून राह्यलं. मंग माहं कार्ड काऊन नाई घेतलं?"

आता खोटं बोलण्यात अर्थ नव्हता. मी साडेतीन टक्क्यांची सगळी गोष्ट सांगितली. फुकट जेवणासकट.

"म्हंजे माह्या पैशात तुमचे किती वाचत होते?"

"साध्या कार्डावर चारशे ऐंशी कापले असते. तुमच्यावर आठशे चाळीस. म्हणजे... तीनशे साठ."

ताईंचे यजमान एरवी अजिबात बोलत नाहीत. ते म्हणाले, "जाण्यायेण्याचं डिझेल साडेनऊशेचं हाय."

पल्लवी पहिली हसली. मग सगळ्याच हसल्या. मंगेश हेल्मेट काढून हसत होता. मीही हसलो, कारण न हसून चाललं नसतं.

पैसे न घेता आम्ही रुखवत तिथेच ठेवून आलो. निघताना पल्लवीच्या वडिलांनी नगदी पुढे केली. वैशालीताईंनी घेतली नाही. "पोरालेच भरू द्या," म्हणाल्या. लग्नाच्या आदल्या दिवशी दुपारी परदेशी कार्डं चालू झाली. ताईंनी लिंक पाठवली आणि तीन मिनिटांत कतारहून पैसे आले, साडेतीन टक्के कापून. मंगेशने घरच्या ग्रुपवर माफीही लिहिली. त्या ग्रुपमधून पुढे एक ऑर्डर आली. दहा आल्या असं सांगायला मला आवडलं असतं.

ताईंच्या साइटवर आता सगळी कार्डं चालतात. रुखवताच्या सेटची किंमत दोनशेने वाढवली, त्यावर कोणी काही बोललं नाही. पण सगळ्यांना हाच सल्ला देत नाही मी. वर्ध्यात एक जण मोबाइलची कव्हरं ऑनलाइन विकतो, त्याला शंभरामागे चार-पाच रुपयेच सुटतात. त्याने महागडी कार्डं घेतली तर तो बँकांसाठीच काम करेल. त्याला मी बंदच ठेवायला सांगितली आहेत. ज्याच्या मालात हाताची मेहनत आहे आणि नफा बरा आहे, त्याने ती घ्यावी.

बंद करण्याआधी दोन गोष्टी मात्र पाहाव्यात. त्या कार्डाने पैसे कोण भरतं, आणि तेच कार्ड परत चालू करायला किती दिवस लागतात. पहिली गोष्ट मी नोकरीत असताना कधी विचारली नाही. दुसरीची माहिती मला पक्की असायला हवी होती, कारण बँकेत असताना ते चार वर्किंग डेज लोकांना मीच सांगायचो.