मावशीच्या कपाळावरचं गोंदण

मित्रांनो, आज घडलेलं लिहायलोय.

मागच्या आठवड्यात मावशी वारली. उद्या पूर्णेत तिचा जलदान विधी हाय. तिथं हार घालायला तिचा एकच फोटो सापडला, तोबी लग्नातल्या ग्रुप फोटोतून कापलेला, नखाएवढा. फ्रेमवाला म्हणाला, "संध्याकाळपर्यंत मोठा करून पाठवा, न्हाईतर उद्या मिळायचा न्हाई."

मी फुकटच्या सॉफ्टवेअरवर टाकला. मोठा केला की फोटो फुटायचा, चेहऱ्याच्या नुसत्या चौकटी दिसायच्या. शेवटी "डाग काढा" असं बटण दिसलं, ते दाबलं. फोटो एकदम लख्ख!

आईला दाखवला. तिनं चष्मा लावून बघितलं. मग म्हणाली, "ही कोण हाय?"

मला कळंना. तिनं स्क्रीनवर कपाळावर बोट ठेवलं. मावशीचं गोंदण गायब होतं. सॉफ्टवेअरला ते डाग वाटलं, आणि माझ्या ध्यानातच आलं न्हाई.

"गोंदताना लय रडली व्हती ती. जलमभर गेलं न्हाई ते. तू एका बटणात पुसलंस व्हय रे?"

तेवढ्यात फ्रेमवाल्याचा फोन वाजायला लागला. मी तो आधीचा धूसर फोटोच पाठवून दिला, गोंदणासकट.

तुमी आपल्या माणसांचे फोटो साफ करताना नीट बघता का, डाग कोणता आणि माणूस कोणता?