धुतलेला सदरा

मिठागरात फळी ओढून ओढून मिस्नातीच्या टाचा फुटल्या होत्या, पण त्या दिवशी तिचं ध्यान टाचांकडं नव्हतं. ईदेला मार्सुकी सुराबायाहून घरी आला होता. लेक चांगला बाप्या झाला होता, आणि आढ्याला त्याच्या बापाचा सदरा गाठोड्यात टांगलेला होता.

बापाला, सात्रावीला, गुरांच्या बाजारात दुराखमाननं कोयत्यानं चिरलं होतं. असा मेलेला माणूस मदुरा बेटावर कबरस्तानात नेत नाहीत. अंगणातच पुरतात, येता-जाता दिसावा म्हणून. रक्ताचा सदरा न धुता ठेवायचा, लेक मोठा झाला की दाखवायचा. पुढचं त्याला सांगावं लागत नाही. आणि दुराखमान तर जेल भोगून येऊन त्याच बाजारात बैलांचे दात बघत बसला होता.

जेवणं झाली तसा थोरला दीर मात्तासान म्हणाला, "मिस्नाती, काढ गाठोडं."

"पोरगं दमून आलंय, भावजी. भंगार उचलून खांदं गेल्यात त्याचं."

"मग चूल फुंकाय बसव की त्याला. तिकडं भंगार येचतंय, हितं राख येचंल."

मार्सुकी हसला नाही. त्यानंच आढ्याला हात घातला.

गाठ सुटली. डाग औषधालाही नव्हता. कोयत्याची चीर बारीक टाक्यांनी शिवलेली.

"धुतलास?" मात्तासान तिच्याकडं वळला.

"धुतला. ह्यो रांगत हुता तवाच. शिवला बी. आता त्यात दावायजोगं काय न्हाई. उठा, हात धुवा."

तिला वाटलं, मिटलं. मार्सुकीनं टाक्यांवरनं अंगठा फिरवला आणि सदरा अंगात घातला. माप घेऊन शिवल्यागत बसला.

"बा माझ्याएवढाच हुता की, आये."

"काढ त्यो."

"रक्ताचा असता तर बघून ठिवला असता. ह्यो घालाय येतोय."

सकाळी तो तसाच बाजाराला गेला. दुराखमाननं सदरा लांबूनच ओळखला, म्हणे. हातातली वेसण सोडली आणि कमरेचा कोयता काढला. मार्सुकीचा कोयता निम्मा म्यानातच राहिला.

दुपारी अंगणात पहिल्या कबरीशेजारी खड्डा खणला. मात्तासाननं सदरा आणून तिच्या पुढ्यात ठेवला. ओला होता, घडी बसत नव्हती.

"ह्यो तरी धुवू नगं."

"कुणाला दावायचा, भावजी?"

मात्तासान कुदळीला चिकटलेली माती पायानं काढत राहिला.