नाव न सांगणारी बाई

ती वर्षभर आमच्या वर्गाला आली, पण तिचं नाव मला आजही ठाऊक नाही. नव्वदच्या दशकात नेरुळच्या आमच्या चर्चने बाहेरगावच्या मजुरांना इंग्रजी शिकवायचं ठरवलं. आम्हा स्वयंसेवकांचं आधी प्रशिक्षण झालं. सरावासाठी फादरांनी बांधकामावरची ही साताऱ्याकडची बाई बोलावली होती. डब्याची पिशवी मांडीवर घट्ट धरून ती दाराजवळच बसली. तिची नजर आमच्यावर कमी आणि दारावर जास्त होती.

शिकवल्याप्रमाणे मी माझं नाव इंग्रजीत सांगितलं आणि तिचं विचारलं.

“न्हाय सांगत,” ती म्हणाली. “मागं सरकारी मानसांनी असंच गोड बोलून समद्यांची नावं इचारली, आन् मग झोपड्या पाडल्या.”

“आम्ही तसले नाही हो.”

“त्येबी असंच म्हनत हुते.”

शेवटी मी विचारलं, “मग तुम्हाला काय शिकायचंय?”

“तुमी कोन, तुमाला कुनी धाडलं, ह्ये इंग्रजीत कसं इचारायचं?”

मी सांगितलं. तिने ते दोन-तीनदा पुटपुटून पाहिलं. मग माझ्या डोळ्यांत बघत, अडखळत पण जरबेने, तिने तो प्रश्न मलाच विचारला.

उत्तर देताना मी नकळत खुर्चीवरून उठून उभी राहिले.