चिंचेत धुतलेली पदकं

निवृत्तीनंतर लोक नातवंडं खेळवतात, नाहीतर पारावर बसून गावाच्या उखाळ्यापाखाळ्या काढतात. केदारखेड्यात अडतीस वर्षं पोस्टमनकी केलेल्या माझ्या वडिलांनी, पुंजाराम आबांनी, रशियाच्या लढायांची पदकं जमवायला घेतली. गावानं हसून घेतलं. मीही हसले.

पहिलं पदक त्यांना संभाजीनगरच्या जुन्या नाण्यांच्या दुकानात दिसलं. दुकानदारानं सांगितलं, सोव्हिएत सरकारनं एकेका लढाईची अशी पदकं लाखोंनी वाटली, सगळी हुबेहूब सारखी. पदकावर ना नाव, ना नंबर. ते कुणाचं, हे फक्त सोबतच्या दाखल्यावरून कळतं. आबांनी तो तळहाताएवढा दाखला उघडला. त्यात नाव होतं, पत्ता नव्हता. जन्मभर पत्ते हुडकत सायकल मारलेल्या माणसाला तेवढं पुरलं.

दाखल्याशिवायचं पदक ते घेत नाहीत. साठीनंतर रशियन अक्षरं गिरवली, आता नावं लावून लावून वाचतात. प्रत्येक पदक आपल्या दाखल्यासोबत वेगळ्या पिशवीत. आमची माय, बेबीनंदा, म्हणते, "माह्या आधार कार्डाची एवढी काळजी कवा केली न्हाई ह्यांनी."

त्यांच्याकडे स्टालिनग्राडच्या बचावाची तीन पदकं होती. मी दाखल्यांचे फोटो इंटरनेटवर टाकले आणि दोन महिन्यांनी कझाकस्तानातल्या अल्माटीहून ओल्गा नावाच्या बाईचा निरोप आला. एका दाखल्यावरची क्लावदिया ही तिची आजी. लढाईत जखमींना उचलून आणायची. ती गेल्यावर घर रिकामं करताना पदक कुठं गेलं ते कळलंच नाही. आबांनी एका क्षणाचाही विचार केला नाही. "ज्याचं टपाल त्याला पोचलं पाहिजे," म्हणाले.

मध्ये बुद्धपौर्णिमा आली. आदल्या दिवशी माय घरातलं सगळं पितळ चिंचेनं घासते, बुद्धमूर्तीपासून फुलपात्रापर्यंत. पदकंही पितळेचीच. परक्या मुलखात जाणारी वस्तू काळीकुट्ट कशी द्यायची, म्हणून तिनं तिन्ही पदकं पिशव्यांतून काढली, फितींना पाणी लागू न देता एकाच परातीत लख्ख घासली आणि टॉवेलावर उन्हात मांडली.

आबा बाहेरून आले. तीन पदकं सोन्यासारखी चमकत होती आणि कोणतं कुणाचं, ते कुणालाच सांगता येत नव्हतं.

ते ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी मायशी बोलणंच टाकलं. चौथ्या दिवशी मी जालन्याहून आले, तर घरात ताटं वाजतील तेवढाच आवाज. मला दोघांचाही राग आला. "सगळी सारखीच आहेत ना? त्यातलं एक पाठवून द्या की," मी म्हणाले.

"दीपे, अडतीस वर्षांत एक कागद चुकीच्या घरी टाकला न्हाई म्या," आबा म्हणाले. "आता ह्या वयात टाकू?"

माय डाळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "त्यातलं एक आधीच घासल्यालं व्हतं."

"म्हंजी?"

"दोघांला लई चिंच लागली. एकाला हात लावला की निघालं. त्याच्यावरच्या शिपायांची तोंडं बी झिजून गेल्ती, माह्या आईच्या तांब्यावानी. कोन्या तरी बाईनं वर्षानुवर्षं घासल्यालं हाय ते. मला बराबर कळतं."

आबांनी तिन्ही पदकं उजेडात धरली. एकावरचे शिपाई खरंच सपाट झाले होते. उरलेले दोन दाखले पुरुषांचे होते. तरी आबांनी पत्रात सगळं खरं लिहिलं: बायकोनं पदकं धुतली, ती मिसळली, तिच्या हाताच्या अंदाजानं हे पाठवतोय, चुकलं असेल तर माफ करा. मी ते फोनवर रशियनमध्ये करून दिलं. पत्र, पदक आणि दाखला एका खोक्यात गेले.

मग दीड महिना रोज बारा वाजता आबा पोस्टात. मायशी बोलायला लागले होते, पण मोजकंच.

उत्तर फोनवरच आलं. मी घरीच होते, मोठ्यानं वाचून दाखवलं. ओल्गानं लिहिलं होतं, 'आजी दर मे महिन्यात, विजयदिनाच्या आधी, पदक दात घासायच्या पावडरीनं घासायची. आजोबा चिडायचे, शिपायांची तोंडं पुसली म्हणून. मला लहानपणापासून तोंडं नसलेलंच पदक आठवतं. हेच ते. तुमच्या पत्नीला सांगा, आजीला त्या फार आवडल्या असत्या.'

माय पदरानं नाक पुसत म्हणाली, "चिंच न्हाई का मिळत तिकडं?"

आबा उठले. कपाटातून उरलेली दोन्ही पदकं काढून त्यांनी मायच्या ओंजळीत ठेवली, जी इतके दिवस ते कुणाला हातही लावू देत नव्हते.

"ह्यांच्या मानसाचं बी बघ काही कळतं का," म्हणाले.

मायनं एकावरून अंगठा फिरवला, पुन्हा फिरवला. "ह्ये तं बिलकुल कोरं हाय," ती म्हणाली. "घालायला मिळालंच न्हाई वाटतं बिचाऱ्याला."

आबा तिच्याजवळ खाली बसले, उरलेले दोन्ही दाखले उघडले आणि ती दोन्ही नावं तिला एकेक अक्षर लावून वाचून दाखवली.