औक्षणाचं ताट

सभेला गेले की माझी नजर आधी व्यासपीठाकडे जात नाही, दाराकडे जाते. तिथे कुणी बाई निरांजन लावलेलं ताट घेऊन उभी असली की माझे कान तापतात. घरच्यांना वाटतं मला सभांचा कंटाळा आहे. कंटाळा आहेच, पण हे कान तापणं वेगळं. ती लाज आहे, आणि ती सोलापुरातल्या एका संध्याकाळची आहे.

सत्तरच्या दशकात मी तिथे प्राथमिक शाळेत शिक्षिका होते. लग्न व्हायचं होतं आणि स्वतःच्या मतांचा मला भारी अभिमान होता. महापालिकेची निवडणूक नुकतीच झाली होती. भिंतींवरच्या चिन्हांचा रंग उडायच्या आत मतं मागणारे दिसेनासे झाले, म्हणून आमच्या पेठेतल्या काही मंडळींनी एक नागरिक समिती काढली. कुठल्याच पक्षाची नाही. निवडून आलेल्या नगरसेवकाला बोलवायचं आणि लोकांच्या अडचणी लोकांच्याच तोंडून ऐकवायच्या, एवढंच काम. चिटणीस होते एक निवृत्त पोस्टमास्तर, अत्यंत सज्जन गृहस्थ. पहिल्याच बैठकीत त्यांनी ठराव मांडला की हार नाही, नारळ नाही, शाल नाही, लांबलचक प्रास्ताविक तर मुळीच नाही. मी टाळ्या वाजवल्या. समितीत बाई मी एकटीच, त्यामुळे माझ्या टाळ्या जरा जास्तच ऐकू गेल्या.

सभेत बोलायला मी माझ्या वर्गातल्या एका मुलीच्या आईचं नाव सुचवलं. ही मुलगी रोज उशिरा यायची. का, म्हणून विचारलं की एकच उत्तर, पाणी. मी घरी जाऊन पाहिलं तर त्यांच्या बोळात नळच नव्हता. नळ पलीकडच्या गल्लीत. तिथल्या लोकांचं भरून झालं की मग हिची घागर, आणि तोवर बहुतेक वेळा पाणी गेलेलं असायचं. आई मंगळवेढ्याकडच्या. नवरा तापानं गेल्यावर दिरांच्या दारात न राहता मुलीला घेऊन सोलापुरात आल्या होत्या आणि मागवाल्यांना रहाटावर सुताच्या कांड्या भरून देत होत्या. सकाळ पाण्यात गेली तर कांड्या कुणी भरायच्या? म्हणून आई रहाटावर आणि मुलगी नळावर.

सभेत बोला म्हटल्यावर त्या आधी हसल्या, मग घाबरल्या. तुम्हीच सांगा की बाई, म्हणाल्या. मी ऐकते कसली. ज्याचं दुखणं त्यानंच सांगितलं पाहिजे, दुसऱ्यानं सांगून त्याला वजन येत नाही, असं बरंच काही मी त्यांना ऐकवलं. शेवटी त्या तयार झाल्या. रहाट फिरवता फिरवता त्यांनी दोन वाक्यं पाठ केली. आमच्या बोळात एक नळ द्या, माझी पोरगी शाळेत वेळेवर जाऊ दे. माझ्यासमोर म्हणूनही दाखवली, आणि म्हणून झाल्यावर दरवेळी पदर तोंडाला लावला. मुलीला मी सांगून टाकलं की नळ आला की पहिली घागर तुझी आई भरणार.

सभा शाळेच्याच हॉलमध्ये होती. पटकन उठता यावं म्हणून मी त्यांना पुढे, दारालगतच्या खुर्चीवर बसवलं. नगरसेवकांची जीप फाटकात शिरली आणि चिटणिसांचा धीर सुटला. दारी आलेल्या माणसाला असं कोरडं आत घ्यायचं? त्यांच्या जिवाला ते मानवेना. मग कळलं की पिशवीत नारळ होता, घडी केलेली सोलापुरी चादर होती, आणि शेजारच्या घरात ताट तयार करून ठेवलेलं होतं. ठराव ज्यांनी मांडला त्यांनीच ही तजवीज केली होती. ते ताट घेऊन लगबगीनं माझ्याकडे आले.

"मी काम करायला आलेय, ओवाळायला नाही," मी म्हटलं.

सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं. हे वाक्य कुणाला तरी ऐकवायची मी कॉलेजपासून वाट पाहत होते. चिटणीस गोरेमोरे झाले. नगरसेवक पायऱ्या चढत होते. चिटणीस गर्रकन वळले आणि दाराजवळ जी पहिली बाई दिसली तिच्या हातात त्यांनी ताट दिलं.

मुलीची आई ताट घेऊन उभ्या राहिल्या. समोर नगरसेवक टोपी सारखी करून, मान जराशी झुकवून थांबलेले. मुलीच्या आईनं ताटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी हात पुढे केला असता तर ताट माझ्याकडे आलं असतं. पण आत्ताच एवढ्या तोऱ्यात नाही म्हटलेलं, आता लगेच ओवाळायला लागले तर लोक काय म्हणतील? मी हलले नाही.

"मी कशी ओवाळू?" त्या चिटणिसांना म्हणाल्या. "मला मालक न्हाय."

बोलल्या हळूच, पण हॉल नेमका गप्प होता. चिटणिसांनी इतक्या घाईनं ताट परत घेतलं की निरांजन विझलं. मागे कुजबुज झाली. कुणाची तरी पत्नी पुढे आली, वात पुन्हा लावली, ओवाळलं. कुणीही मुलीच्या आईला वाकडा शब्द बोललं नाही. त्या मात्र पुढच्या खुर्चीवर परत बसल्या नाहीत. मागे जाऊन भिंतीशी, चपला काढून ठेवल्या होत्या तिथे बसल्या. दोन वाक्यं बोलायला त्या आल्या होत्या, आणि त्याआधीच सगळ्या पेठेसमोर त्यांना आपलं वैधव्य सांगावं लागलं होतं. ते मी सांगायला लावलं, असं मला तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं.

पुढे सगळं यथासांग झालं. प्रास्ताविक झालं, नारळ झाला, चादर झाली. ज्यांचं नाव पेठेतल्या भिंतीभिंतीवर होतं त्यांचा परिचय करून देण्यात आला. मग मी मुलीच्या आईला बोलायला बोलावलं. त्या जागच्या उठल्या, हात जोडले, "बाई सांगत्याल," म्हणाल्या आणि बसल्या.

मी सांगितलं. त्यांची दोन वाक्यं घेतली, त्यात माझी वीस घातली. टाळ्या पडल्या. नगरसेवकांनी तिथल्या तिथे नळाचा शब्द दिला. चिटणीस म्हणाले, तुम्ही सभा जिंकलीत. आणि मला ते ऐकून बरं वाटलं, ही तर त्याहून लाजेची गोष्ट. परत जाताना मी मुलीच्या आईबरोबर बोळापर्यंत चालत गेले. माफी मागायची होती. तोंड उघडायच्या आत त्याच म्हणाल्या, "तुमी लई चांगलं बोललासा." माफी तशीच राहिली.

नगरसेवकांनी शब्द पाळला. उन्हाळा सरायच्या आत बोळाच्या तोंडाशी नळ आला. पहिल्या दिवशी सकाळी त्याला झेंडूचा हार घातला, हळदकुंकू लावलं. पाणी येणार होतं जेमतेम तासभर. मी मुलीच्या आईला बोलवायला धावले. त्या घासून लख्ख केलेली घागर घेऊन उंबऱ्यात बसल्या होत्या. चला, पहिली घागर तुमची, मी म्हटलं.

"पूजा होऊ द्या की. मग येते."

मी म्हटलं, कुणी काही म्हणणार नाही.

"कुणी म्हनत न्हाय, बाई. पर नगं."

मी परत गेले आणि चिटणिसांच्या हातातून ताट ओढून घेतलं. तत्त्वं गेली चुलीत. भराभरा नळाला ओवाळलं, म्हणजे एकदाचं संपेल आणि त्या येतील. पण ओवाळून झाल्यावर नारळ होता, नारळ झाल्यावर भाषणं होती, आणि भाषणं चालू असतानाच ओवाळणाऱ्या बायकांनी आपापल्या कळश्या लावल्या. सगळे पांगल्यावर त्या आल्या. घागर नळाखाली ठेवली. थोडं पाणी आलं, नळ खरखरला आणि बंद झाला. त्यांनी तळाशी आलेलं पाणी तोंडावर मारलं आणि घागर कमरेला घेतली.

"उद्या हायच की," म्हणाल्या.

त्या दिवशी शाळेत उशिरा मी पोचले. मुलगी वेळेवर येऊन पहिल्या बाकावर बसली होती. मला पाहताच उभी राहिली आणि तिनं विचारलं, आईनं पहिली घागर भरली का. मी हो म्हटलं आणि हजेरी घ्यायला लागले.